जुनी व्हॅन, दोन कयाक आणि उजनी: सोलापुरातून पहिल्यांदा वल्हवायला निघणाऱ्यांसाठी

उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यातसुद्धा अकरा-साडेअकराला वारा उठतो. रोज उठतोच असं नाही, पण उठणार असं धरून चालायचं. नवख्यांनी साडेदहाला पाण्याबाहेर असावं. पुढचं सगळं नियोजन या एका वेळेवरून उलटं मोजत करायचं आहे, कारण तुमच्याकडे नवी गाडी नाही. आमच्याकडेही नाही. आमची मारुती व्हॅन एमएच १३ पासिंगची आहे, कार्बोरेटरवाली. तिचं वय सांगितलं की टोलनाक्यावरचा पोरगासुद्धा वाकून बघतो.

जुन्या गाडीमुळे ट्रिप बुडते, हे फार मोठं दुःख नाही. खरी भानगड वेगळी आहे. गाडी दोन तास खाते, तुम्ही आठऐवजी अकराला काठावर पोहोचता, आणि "एवढी मरमर करून आलोय, आता उतरूच की" म्हणून नेमके वाऱ्याच्या वेळेला पाण्यात शिरता. आम्ही हे केलेलं आहे. मोहोळच्या अलीकडे क्लच वायर तुटली, साडेबाराला काठ गाठला, तरी उतरलो. जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे आपल्याला फार छान वल्हवता येतं असं चौघांनाही वाटलं. वळल्यावर कळलं. अर्धा तास जीव खाऊन वल्ही मारली आणि किनाऱ्यावरची बाभळ जागची हलली नाही. शेवटी भलत्याच ठिकाणी काठाला लागलो आणि उसातून कयाक, म्हणजे आमची वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, डोक्यावर घेऊन तासभर चालत आलो. उसाची पानं दंडाला कशी लागतात, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

पहिलं काम: कधी जायचं ते ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भीमेला पाणी येऊन धरण भरत असतं, तेव्हा ओंडके, जलपर्णी आणि ओढ असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, गाडी उकळते, माणसं उकळतात, आणि दुपारनंतर वळवाचं वादळ कधी येईल याचा नेम नसतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट अशाच सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती इंजिनाची बोट होती. तुमची हातावरची आहे.

निघण्यापूर्वी धरणाची टक्केवारी बघा, ती रोज पेपरात येते. उजनीची गंमत अशी की 'शून्य टक्के' म्हणजे रिकामं धरण नव्हे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" असं आपण म्हणतो तेव्हाही पाणी भरपूर असतं, फक्त काठ खूप आत सरकलेला असतो. तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये गाळ येतो. टक्केवारी निम्म्याच्या खाली असेल तर आम्ही जात नाही. पाण्याची भीती म्हणून नाही, गाळातून कयाक ओढायची हौस उरलेली नाही म्हणून.

आणखी एक. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, ट्रिप ठरवू नका. आमचा मिस्त्री त्या दिवसांत सापडत नाही.

दुसरं काम: पाणी निवडा

सोलापूर-पुणे हायवेने टेंभुर्णी सुमारे ८५ किलोमीटर, इंदापूर ११०, पळसदेव १३० आणि भिगवण १५०. नवख्यांनी इंदापूर ते पळसदेव या पट्ट्यातली एखादी आत घुसलेली खाडी शोधावी, जिथे दोन्ही बाजूंना जमीन दिसते. उघड्या मोठ्या पात्रावर जायचं नाही. पळसदेवला पळसनाथाचं जुनं मंदिर धरणात गेलेलं आहे. पाणी उतरू लागलं की आधी शिखर दिसतं, मग हळूहळू देऊळ बाहेर येतं. मोह होतो, पण पहिल्या ट्रिपला ते लांबूनच बघा. ज्या गावावर पाणी चढलंय तिथं देवळाबरोबर भिंती, विहिरी आणि झाडांचे बुंधेही पाण्याखाली असतात.

भिगवण, कुंभारगावचा भाग पक्ष्यांना सोडा. थंडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथं येतात, पट्टकदंब येतात, आणि पक्षी दाखवणाऱ्या नावाड्यांचं पोट त्यावर आहे. तुमच्या भडक पिवळ्या कयाकने थवा उडाला तर ते शिव्या देतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

धरणाच्या भिंतीजवळ, दरवाजांच्या बाजूला अजिबात फिरकू नका. भिंतीखालच्या नदीतही नको. सोलापूरच्या पिण्यासाठी, शेतीसाठी तिच्यात पाणी सोडतात, पातळी बघता बघता वाढते. शिवाय वाटेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी वरून फूटभर दिसतं, पण खाली भोवरा धरतं आणि पडलेल्या माणसाला परत परत भिंतीकडे ओढतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते सोडत नाही.

जवळ म्हणून हिप्परग्याचा तलाव डोळ्यांपुढे येईल. १८७१ मध्ये पुरा झालेला एकरुख तलाव तो हाच. शहराच्या पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय त्यात काही टाकू नका. खरं तर विचारण्याची सवय सगळीकडेच ठेवा. ज्याच्या शेतातून काठाला उतरणार त्याला राम राम घालून, "आम्ही सोलापूरचे, जरा होडी टाकून बघतो, गाडी इथं लावली तर चालंल का?" एवढं विचारलं की निम्मे प्रश्न सुटतात. पाण्यात मोटारीची वायर कुठं आहे, जाळी कुठं आहेत, हे तोच सांगतो.

तिसरं काम: गाडी. इथं घाई करू नका

आधी कागद. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करून घ्यावं लागतं आणि ते पाच-पाच वर्षांनी वाढतं. ते, विमा आणि पीयूसी नीट नसेल तर हा लेख इथंच मिटा.

मग मिस्त्रीकडे जा, पण आदल्या दिवशी नव्हे. आठ-दहा दिवस आधी. आदल्या दिवशी खोललेली गाडी वाटेत हमखास काहीतरी नवीन आवाज काढते. काम झाल्यावर मोहोळपर्यंत जाऊन परत या, म्हणजे आवाज घराजवळच निघेल.

व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पार पुढे. त्यामुळे होज पाईप लांब, आणि जुन्या पाईपला चिरा पडलेल्या असतात. पाईप हातानं दाबून बघा. कडक किंवा चिकट लागला तर बदला. रेडिएटरचा पंखा फिरतो का, हे गाडी उभी ठेवून, चालू ठेवून, तापमानाचा काटा वर जाईपर्यंत थांबून बघा. "पंखा हाय की" हे उत्तर चालत नाही. पंखा असतोच, तो फिरतो का हा प्रश्न आहे.

बरोबर काय घ्यायचं? क्लच वायर आणि अ‍ॅक्सिलेटर वायर, दोन्ही नव्या. फॅन बेल्ट. प्लगचा पाना आणि दोन प्लग. फ्यूज. होजच्या क्लिपा. इन्सुलेशन टेप, बाइंडिंग वायर, दहा लिटर साधं पाणी, जॅक, आणि हवा भरलेली स्टेपनी. 'हवा भरलेली' हे मुद्दाम लिहिलंय.

वाटेत होणारे चार बिघाड सांगतो, कारण यांपैकी एक होईलच.

काटा वर चढला: बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा आणि सीट उचलून ठेवा. झाकणाला हात लावू नका. वाफेनं चेहरा भाजलेला माणूस मी पाहिलाय. निदान अर्धा तास थांबा. मग जाड फडकं टाकून झाकण जरासं सैल करा, वाफ जाऊ द्या, आणि इंजिन चालू ठेवून पाणी थोडं थोडं ओता. तापलेल्या इंजिनवर गार पाणी एकदम ओतलं तर हेड वाकतं, आणि मग ट्रिपचा नव्हे, गाडीचाच हिशेब करावा लागतो.

चालता चालता झटके देऊन बंद पडली आणि पेट्रोल तर आहे: कार्बोरेटरच्या गाड्यांत उन्हाळी दुपारी पेट्रोलची वाफ होऊन नळी अडते. पेट्रोल पंपावर, म्हणजे गाडीतल्या, ओलं फडकं ठेवा आणि वीस मिनिटं थांबा.

क्लच वायर तुटली: वायर बरोबर असेल तर बदला. नसेल तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि सेल्फ मारा. गाडी उडी मारून चालू लागते. मग दुसऱ्यात, आवाजाच्या अंदाजाने, हलक्या हाताने. पुढच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, फक्त थांबता येत नाही. त्या दिवशी मोहोळमध्ये आम्ही असेच शिरलो, खिडकीतून हात हलवत, "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत.

सेल्फच मारत नाही: स्विच ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, तिघांचा धक्का, वेग आला की क्लच सोडा. म्हणून गाडी नेहमी उताराकडे तोंड करून लावायची, पण पाण्याकडच्या उताराला नाही.

हायवेवर अडकलात तर १०३३, अपघात झाला तर १०८ किंवा ११२.

चौथं काम: निघायची वेळ

आता उलटं मोजा. साडेदहाला पाण्याबाहेर म्हणजे आठला पाण्यात. कयाक उतरवणं, हवा भरणं, जॅकेट घालणं याला पाऊण तास, म्हणजे सव्वासातला काठावर. ताशी पन्नासच्या सरासरीने १३० किलोमीटरला पावणेतीन तास, वर बिघाडाचा एक तास. म्हणजे पहाटे साडेतीनला निघायचं. कागदावर हे झकास दिसतं. पहिल्या दोन ट्रिपा आम्ही असंच केलं.

यात दोन चुका आहेत. पहाटे चारला गाडी बंद पडली तर एकही गॅरेज उघडं नसतं. बिघाडाचा तो एक तास बघता बघता पाच तास होतो. आणि थंडीचे दिवस म्हणजे कारखान्यांचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागे दिवा नसताना चालत असतात, आणि जुन्या व्हॅनच्या हेडलाइटचा उजेड म्हणजे निरांजन.

म्हणून आता आम्ही आदल्या दिवशी दुपारी जेवून निघतो. गाडी बिघडायचीच असेल तर ती दुपारी बिघडावी. मिस्त्री जागा असतो, पार्टचं दुकान उघडं असतं, आणि कुणाला पाण्याची घाई नसते. संध्याकाळी टेंभुर्णी किंवा इंदापूरला साधं लॉज घ्यायचं, काठ उजेडात एकदा बघून यायचा, लवकर झोपायचं. लॉजचे पैसे वाचवायला गेलात तर ते मिस्त्रीला जातात. संध्याकाळी सातपर्यंत पोहोचला नाहीत तर दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, ढाब्यावर जेवून परत यायचं. हे निघण्याआधी, घरी बसून, सगळ्यांनी कबूल करायचं. काठावर उभं राहून कुणी कबूल करत नाही.

पाचवं काम: कयाक आणि ती बांधणं

प्लॅस्टिकची दोन माणसांची कयाक बारा फुटांच्या पुढे असते आणि वजन तीस किलोच्या वर. व्हॅनची लांबी जेमतेम अकरा फूट. दोन कयाक टपावर टाकल्या की पुढून-मागून बाहेर येतात, पोलीस थांबवतात, आणि मुख्य म्हणजे हलकी व्हॅन आडव्या वाऱ्यात डुलते. म्हणून जुन्या व्हॅनवाल्यांनी हवा भरायच्या कयाक घ्याव्यात. घडी करून मागे मावतात. वेगाला कमी आणि वाऱ्याला हलक्या, हे खरंय, पण आपण शर्यतीला चाललेलो नाही.

टपावर न्यायच्याच असतील तर एकच न्या. कॅरिअरवर जुनी सोलापुरी चादर चौपदरी टाका. याहून चांगली गादी बाजारात मिळत नाही. मालाचे दोन पट्टे आडवे आवळा, आणि पुढच्या-मागच्या टोकाला वेगळी दोरी बंपरला बांधा. बांधल्यावर कयाक धरून हलवा. गाडी हलली पाहिजे, कयाक नाही. दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा बघा, पट्टे सैल झालेले असतात. साठच्या वर जाऊ नका. तशी आमची जातही नाही.

हवेच्या कयाकचे दोन शत्रू. एक वेडी बाभूळ. उजनीच्या काठावर ती सगळीकडे आहे आणि तिचा काटा चप्पलसुद्धा जुमानत नाही. कयाक जमिनीवरून ओढू नका, उचलून न्या. सायकलचं पंक्चर सोल्युशन यावर नीट धरत नाही. कयाकबरोबर येणारं ठिगळ आणि त्याचा डिंकच वापरा. दुसरा शत्रू ऊन. काठावर टम्म फुगवून उन्हात ठेवली तर आतली हवा तापून शिवण फाटते. पाण्याबाहेर काढली की थोडी हवा सोडा.

सहावं काम: पाण्यात उतरण्याआधी

पोहणं येत नसेल तर आधी ते शिका. जॅकेट आहे म्हणून चालेल, असं नाही. जॅकेट वजनाप्रमाणे घ्या, सगळ्या बकला लावा, आणि मित्राला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार.

उलटल्यावर परत चढायची तालीम सोलापुरातच, तरण तलावात, तिथल्या शिक्षकांना विचारून करा. कयाक सरळ करायची, मधोमध बाजूला यायचं, पाय मागे पाण्यावर आणून जोरात मारायचे, पोट कयाकवर आडवं टाकायचं, मग वळून बसायचं. दुसरा त्याच वेळी पलीकडून धरून ठेवतो. सलग तीनदा जमलं तर उजनीला चला. आमच्यातल्या एकाला सातव्या खेपेला जमलं, आणि आता तोच सगळ्यांना शिकवतो.

वल्हं मारताना नवखा माणूस फक्त दंडाने ओढतो आणि वीस मिनिटांत संपतो. पाठ ताठ, वल्हं पायाच्या बाजूला पाण्यात, आणि कमरेतून वळून ओढ. कमरेशी आलं की बाहेर काढा. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा लय देतो, मागचा दिशा सांभाळतो. भांडण झालं तर दोघं एकाच बाजूला वल्हवायला लागतात आणि कयाक गोल फिरते.

सातवं काम: पाण्यावर

चौघे वल्हवणार असाल तर पाचवा न्या, आणि तो काठावर राहील. ही जागा शिक्षा समजू नका. फोन, गाडीची जास्तीची किल्ली आणि शिट्टी त्याच्याकडे. तीन शिट्ट्या म्हणजे फिरा, वाद नाही. पाण्यावर असलेल्याला वारा उशिरा कळतो. काठावरच्याला उसाचे तुरे वाकताना आधी दिसतात. पाळी बदलत राहा.

आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. काठापासून शंभर-दीडशे फुटांत राहायचं. पाण्यावर रांगेने तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले तर खाली जाळं आहे. वळसा घाला. कुणाचं तरी रात्रभराचं काम असतं ते. काठावरून पाण्यात गेलेल्या वायरी आणि पाईप शेतकऱ्यांच्या मोटारींचे. पाणी मागे हटतं तशा वायरी वाढवलेल्या असतात, जोड उघडे असू शकतात. अशा जागी कयाक लावू नका, पाय टाकू नका.

पाणी प्यायचं नाही. पुण्याकडचं सांडपाणी याच धरणात येतं, आणि हिरवी साय दिसते ती उगीच नाही. जखम असेल तर झाकून घ्या, बाहेर आल्यावर गाडीतल्या पाण्याने अंग धुवा.

बरोबर खायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि गूळ. भिजत नाही, विटत नाही, आणि कयाकवर बसून एका हाताने खाता येतं. वेफर्सची पाकिटं वाऱ्याने उडून पाण्यात जातात.

आठवं काम: परतताना

गाडी काठाजवळच्या काळ्या मातीत उभी केली असेल तर ती रुतलेली असणार. वरून कोरडी दिसते, आत लोणी. म्हणून मुरमावर लावा आणि तिथून चालत जा. रुतलीच तर गिअर टाकून चाक फिरवत बसू नका, आणखी खोल जातं. दोघं मागे बसा, कारण व्हॅनची मागची चाकं ओढतात. चाकाखाली उसाचं पाचट घाला आणि हळू बाहेर काढा. नाहीच निघाली तर ट्रॅक्टर. ओढणारा शेतकरी बहुतेक वेळा पैसे घेत नाही. निदान चहाला तरी थांबा.

मग ढाब्यावर मासे. चिलापी तळलेली मागवा, मरळ मिळाली तर रस्सा. जेवल्यावर जो गाडी चालवणार त्याला अर्धा तास झोपू द्या. संध्याकाळी मोहोळच्या आधी पश्चिमेचं ऊन आरशात येतं आणि सगळ्यांनाच पेंग लागते.

गाडी अगदीच कुरकुरत असेल आणि तरी बाहेर पडायचंय, तर दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडल आहे, सुमारे ४० किलोमीटरवर. भीमा आणि सीनेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख. कयाक घरी ठेवून जा. तिथून गाडी टो करून आणायला खर्चही कमी येतो, हे आम्ही एकदा बघितलंय.

घरी आल्यावर कयाक गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, ओली घडी केली तर बुरशी धरते. आणि गाडीने वाटेत जे जे आवाज काढले ते त्याच रात्री वहीत लिहा: कुठं, किती वेगात, चढाला की उताराला. सकाळी वही घेऊन मिस्त्रीकडे जा. आमच्या वहीत सध्या शेवटची नोंद आहे, "टेंभुर्णीनंतर तिसऱ्या गिअरला टुक टुक". मिस्त्री म्हणतो, कयाकचं वल्हं मागच्या दाराला लागत असेल. वल्हं काढून बघितलं. टुक टुक आहेच.